बेळगावात शिकायला येताय? आधी गल्ली बघा, मग खोली

बेळगावात खोली शोधत दारात आलेला मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. भाडं विचारावंच, पण तो चौथा प्रश्न. पहिला, आपलं कॉलेज नेमकं कुठल्या टोकाला आहे. दुसरा, तिकडून परतीची शेवटची बस किती वाजता. तिसरा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. या तिन्हींची उत्तरं पटली तर भाड्यातला दोन-पाचशेचा फरक फारसा जाणवत नाही. नाही पटली, तर स्वस्तातली खोलीही महिनाभरात नकोशी होते.

शहापुरात आमच्या माडीवर विद्यार्थी राहतात. चंदगडचे, खानापूरचे, निपाणीकडचे, हल्याळचे, मधूनच एखादा अथणीचा नाहीतर विजापूरचा. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात आणि पहिल्या चार महिन्यांतल्या अडचणीही त्याच. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढलं. मालकीण म्हणून लिहिते आहे, तेव्हा मालक लोक भाडेकरू निवडताना काय बघतात तेही यात येईल. ते माहीत असलेलं बरं असतं.

कॉलेज कुठं भरतं ते आधी

‘बेळगाव युनिव्हर्सिटीत ॲडमिशन झालं’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या? कारण इथं विद्यापीठ म्हटलं की तीन वेगवेगळ्या दिशा निघतात.

राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी तिथं कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. ते भूतरामहट्टीला, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला महामार्गावर, काकतीच्याही पुढं, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. (काकती हे चन्नम्मांचं माहेर, त्यामुळे जाता-येता त्यांचं नाव दोनदा भेटतं.) याच विद्यापीठाचं नवं आवार हिरेबागेवाडीला उभं राहतं आहे आणि ते बरोबर उलट्या दिशेला, धारवाडच्या वाटेवर आहे. म्हणून प्रवेश घेतानाच आपला विभाग कुठल्या आवारात भरतो, यंदा कुठं आणि पुढच्या वर्षी कुठं, हे ऑफिसात स्पष्ट विचारून घ्या. ऐकीव माहितीवर खोली घेऊ नका.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे व्ही.टी.यू., १९९८ सालचं. ते मच्छेला, खानापूर रोडवर. तिसरं के.एल.ई.चं अभिमत विद्यापीठ, नेहरूनगरला. मेडिकलची मुलं बहुतेक तिथली. बाकी आर.पी.डी., गोगटे कॉमर्स, राजा लखमगौडा लॉ कॉलेज ही टिळकवाडीच्या आसपास, आणि इंजिनिअरिंगचं जी.आय.टी. उद्यमबागला.

यावरून राहण्याचा भाग ठरवायचा. के.एल.ई.वाल्यांनी सदाशिवनगर, हनुमाननगर, शिवबसवनगर बघावं. टिळकवाडीतल्या कॉलेजांना टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव सगळं सोयीचं, आणि शहापूर-वडगावात भाडं टिळकवाडीपेक्षा कमी पडतं. उद्यमबाग आणि मच्छेला जाणाऱ्यांना अनगोळ जवळ. चन्नम्मा विद्यापीठात जाणाऱ्यानं मात्र टिळकवाडीच्या मोहात पडू नये. तिथून आधी बसस्टँड गाठा, मग भूतरामहट्टीची बस धरा, यात रोजचे दोन-अडीच तास जातात. बसस्टँडला चालत जाता येईल अशी खोली मिळाली तर ती थोडी अंधारी असली तरी घ्या.

टिळकवाडीत राहणार असाल तर रेल्वे फाटकाचाही विचार करा. खोली फाटकाच्या एका बाजूला आणि कॉलेज दुसऱ्या बाजूला असेल, तर मिरज-लोंढा मार्गावरची गाडी तुमच्या पहिल्या तासालाच येते असं धरून चाला.

वसतिगृह की बाहेर खोली

माझं मत सरळ आहे: चन्नम्मा विद्यापीठात आलात तर पहिलं वर्ष आवारातल्या वसतिगृहात काढा. आजूबाजूला डोंगर, महामार्ग आणि शेतं. संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं काही नाही हे खरं, पण लायब्ररी पायाखाली आहे, बसची कटकट नाही आणि विजापूर, गोकाक, अथणीची मुलं एकाच मजल्यावर असल्यानं कानडी आपोआप कानावर पडतं. दुसऱ्या वर्षी तिघा-चौघांचं टोळकं जमलं की शहरात खोली घ्या. ओळखदेख नसताना एकट्यानं घेतलेली खोली पहिल्या पावसाळ्यातच खायला उठते.

सरकारी वसतिगृहं दोन प्रकारची: मागासवर्ग कल्याण खात्याची, ज्यांना सगळे ‘बी.सी.एम. हॉस्टेल’ म्हणतात, आणि समाजकल्याण खात्याची. दोन्हींचे अर्ज ऑनलाइन. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्या दाखल्यावर आर.डी. नंबर असावा लागतो. तो नंबर कर्नाटकातल्या नाडकचेरीतून, म्हणजे तिथल्या महसूल कचेरीतून, काढलेल्या दाखल्यावरच असतो. खानापूर, बेळगाव, निपाणी, हुक्केरी तालुक्यांतल्या मुलांनी बारावीचा निकाल लागण्याआधीच हे दाखले काढून ठेवावेत, कारण निकालानंतर नाडकचेरीत रांग लागते. चंदगड-गडहिंग्लजच्या मुलांना महाराष्ट्राचा दाखला इथं आरक्षणाला चालत नाही. तो फाइलीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून कर्नाटकातल्या मागासवर्गीय मुलांनी हात टेकू नयेत. ‘विद्यासिरी’ नावाची योजना आहे. बाहेर राहणाऱ्यांना जेवणखाण आणि राहण्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, वर्षातले १० महिने. अर्ज शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरूनच होतो. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कला गाठलंत तर तारखा तोच सांगतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. ते काम गावीच उरकून या.

दुसऱ्या विद्यापीठातून, म्हणजे शिवाजी विद्यापीठातून वगैरे, पदवी घेऊन येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट मागवून ठेवा. ते वेळेत न आल्यानं परीक्षेचा फॉर्म अडकलेली मुलं दर वर्षी असतात.

खोली बघायला संध्याकाळी जा

सकाळी सगळ्याच खोल्या बऱ्या दिसतात. संध्याकाळी सहा-सातला जा. उजेड किती, डास किती, शेजारी टीव्हीचा आवाज किती, बोळात दिवा आहे का, हे तेव्हाच कळतं. मुलींनी तर बसस्टॉपपासून खोलीपर्यंत त्या वेळी एकदा चालूनच बघावं.

आत गेल्यावर भिंतीला हात लावा. बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस नुसता पडत नाही, ठाण मांडून बसतो. तळमजल्याच्या जुन्या खोल्यांत जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत ओल चढते. नवा रंग दिला असेल तर कॉटच्या मागची, कपाटाच्या मागची भिंत बघा. तिथं पोपडे सुटलेले असतात. अशा खोलीत पुस्तकांना बुरशी येते, चामड्याचे बूट हिरवे होतात आणि वाळत घातलेली पँट तीन दिवसांनीही दमटच. माडीवरची खोली, पत्र्याखाली दोरी बांधायला जागा, आणि एकही खिडकी पश्चिमेची नको, एवढं बघा. पाऊस तिरपा येतो तो तिकडूनच.

मग पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. काही प्रभागांत चोवीस तास नळ असतो, उरलेल्या भागांत काही दिवसांच्या अंतरानं, तेही ठरलेल्या वेळी. आमच्याकडे पाण्याचा दिवस असला की पहाटेच बोळातून हाक फिरते, ‘नळ आला!’ मग पहिल्या दहा मिनिटांत पाइप जोडणं, टाकी भरणं, पिंप भरणं, पिण्याचं वेगळं काढणं अशी झुंबड. माडीवरचा विद्यार्थी साडेआठला डोळे चोळत बादली घेऊन खाली येतो, तेव्हा नळ फुसफुसत असतो. म्हणून चार गोष्टी स्पष्ट विचारा: पाणी किती दिवसांनी, टाकी किती लिटरची, त्यात किती घरांचा वाटा, आणि आवारात विहीर आहे का. शहापूर-टिळकवाडीतल्या जुन्या घरांना विहिरी आहेत, आणि ज्या घरात विहीर तिथं एप्रिल-मे निभावतो. धुण्याला विहिरीचं, पिण्याला नळाचं, असं आमच्याकडे चालतं.

विजेचं बिल कोण भरणार तेही आत्ताच ठरवा. कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेत घरगुती मीटरचं बिल माफ असतं, पण किती युनिट माफ ते त्या मीटरच्या आधीच्या वापरावर ठरतं, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. मालक इंडक्शन शेगडीला आणि पाणी तापवायच्या कॉइलला नाही म्हणतात त्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं कारण जुनं वायरिंग. स्वतंत्र मीटर असेल तर प्रश्नच मिटला. भाडेकरूलाही करारपत्र दाखवून योजनेत नाव घालता येतं.

जेवणाच्या बाबतीत मालकाची अट काय, ते लाजू नका, तोंडावर विचारा. टिळकवाडीत, शिवबसवनगरात अनेक घरांत अंडंही चालत नाही. आमच्याकडे मासे चालतात पण माडीवर शिजवलेले नाही चालत, कारण वास खाली देवघरात येतो. प्रत्येक घराचं असं काहीतरी असतं. आधी हो म्हणून नंतर चोरून करणाऱ्या मुलाबद्दल अख्ख्या गल्लीला कळतं, आणि पुढची खोली मिळणं अवघड होतं.

आता मालक तुम्हाला काय विचारतील ते सांगते. ‘गाव कुठलं?’ हा पहिला प्रश्न. त्याचा खरा अर्थ ‘आपल्या ओळखीचं कोण आहे तिकडं?’ असा असतो, तेव्हा गाव सांगून थांबू नका, बाजूचं मोठं गाव, मामाचं गाव, शाळेचं नाव सांगा. बेळगावात दोन-तीन नावांत कुठलं तरी नातं निघतंच. दुसरा प्रश्न ‘रात्री किती वाजेपर्यंत येणार?’ इथं खोटं बोलू नका. लायब्ररीत साडेनऊपर्यंत बसणार असाल तर तसं सांगा, किल्ली मिळते. तिसरा, मित्र येऊन राहतात का. एखादा रात्रभर राहिला तर कुणी काही म्हणत नाही, पण आठवडाभर राहिला तर पाण्याचा हिशेब बिघडतो, आणि आमचा राग पाण्यावरून असतो, मित्रावरून नव्हे.

करार अकरा महिन्यांचा असतो. तोंडी नको, कागदावर हवा. त्यात डिपॉझिटची रक्कम, ती परत मिळण्याची मुदत आणि रंगरंगोटीचे पैसे कापणार की नाही, किती कापणार, हे लिहून घ्या. सगळे वाद शेवटी रंगावरच येतात. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढून मालकालाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. चांगल्या मालकाला त्याचा राग येत नाही. पैसे ऑनलाइन पाठवा, म्हणजे पावतीचा प्रश्न मिटतो.

डबा

खोलीवर तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक करणारे विद्यार्थी मी फार कमी पाहिले. सकाळी पोहे नाहीतर इडली बाहेर, दुपारी कॉलेजचं कँटीन आणि रात्री डबा, हे बऱ्याच जणांचं गणित. डबा देणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. पाटी नसते, किराणा दुकानदाराला विचारा, तो पत्ता देतो. महिन्याचे पैसे एकदम देऊ नका. आधी आठवडाभराचे द्या. पहिल्या दिवशीची आमटी सगळ्यांचीच दाट असते, पाचव्या दिवशीची बघा. गावी जाल तेव्हा ‘खाडा’ धरतात का, आणि त्यासाठी किती आधी सांगायचं, तेही ठरवून घ्या. चपाती की भाकरी हेही सांगावं लागतं, नाहीतर रोज भातच जास्त येतो. इथं भात भरपूर खातात.

खानावळीत सामिष ताट बहुधा बुधवार, शुक्रवार, रविवारी जोरात असतं. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला मटणाची आशा धरू नका.

रूममेट विजापूर-बागलकोटकडचा असेल तर तुमचं नशीब. तिकडची मुलं गावाहून येताना पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेल्या कडक भाकऱ्यांची चवड आणतात. पापडासारख्या पातळ, ज्वारीच्या, महिनाभर टिकणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही असलं की डबा चुकलेल्या रात्री पोट भरतं. त्याच्या बदल्यात तुमच्या आईचं लोणचं आणि भडंग फस्त होणार, हे गृहीत धरा.

बस आणि पास

शहरातली आणि तालुक्यातली बस वायव्य कर्नाटक परिवहनची. विद्यार्थी पासचा अर्ज सेवासिंधू पोर्टलवर करायचा. कॉलेजनं दुजोरा दिल्यावर पास हातात येतो. जून-जुलैत अर्ज केला नाही तर ऑगस्टभर तिकीट काढत बसाल. पास कुठून कुठपर्यंत लिहायचा ते विचार करून ठरवा, मधल्या थांब्यावर बस बदलावी लागत असेल तर तेही त्यात आलं पाहिजे.

मुलींसाठी ‘शक्ती’ योजना आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये राज्यात कुठंही तिकिटाचे पैसे पडत नाहीत. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो, ते जपून ठेवा, तपासनीस मागतो. ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. म्हणजे खानापूरच्या मुलीला फुकट आणि तिच्याच शेजारी बसलेल्या चंदगडच्या मैत्रिणीला तिकीट, असं रोज घडतं. आंतरराज्य बसमध्ये मात्र दोघींनाही पैसे.

भूतरामहट्टीला जाताना ‘निपाणी’ किंवा ‘संकेश्वर’ वाचून कुठल्याही बसमध्ये चढू नका. जलद गाड्या तिथं थांबत नाहीत. ‘ऑर्डिनरी’ आहे का, थांबा आहे का, हे चढण्याआधी विचारा. रिक्षावाले इथं मीटर टाकत नाहीत, तेव्हा बसायच्या आधी ठरवा. दोन रिक्षांना विचारलं की खरा आकडा कळतो.

ऑनलाइन तिकीट काढताना किंवा फॉर्म भरताना ‘बेळगाव’ सापडत नाही म्हणून गोंधळू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे.

कानडी अक्षरं पहिल्या महिन्यातच

बाजारात, गल्लीत, दवाखान्यात मराठीवर भागतं. गणपत गल्लीत तर कानडी बोलणारा दुकानदारही तुमचा चेहरा बघून मराठीत सुरू होतो. म्हणून अनेक मुलं तीन वर्षं कानडीशिवाय काढतात आणि मग बँकेत, तहसीलदार कचेरीत, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, खिडकीपुढं अडतात. बसच्या पाट्या कानडीत, हॉस्टेलच्या नोटिसा कानडीत, दुकानांच्या पाट्यांवर कानडी वर आणि मोठं.

माझं सांगणं एवढंच, बोलणं सावकाश येऊ दे, पण अक्षरं आधी शिका. क-ख-ग-घ हा क्रम तोच आहे, फक्त वळणं वेगळी. रोज बसस्टॉपवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचायचा प्रयत्न केलात तर एका महिन्यात ‘खानापूर’ आणि ‘खडकलाट’ वेगळे ओळखू येतील. बोलताना मोठ्या माणसाशी शेवटी ‘री’ लावा: ‘एष्ट री?’, ‘बर्री’, ‘होगरी’. व्याकरण चुकलं तरी चालतं, पण ‘री’ राहिला तर समोरच्याच्या कपाळावर आठी येते.

कानडी बोललं म्हणून मराठीपण उणं होतं असं मानणारे एक-दोघे भेटतील. त्यांच्या घरातली आजी बाजारात कानडीत घासाघीस करते, हे त्यांनाही ठाऊक असतं.

ओळखी कशा होतात

कॉलेजातल्या ओळखी वर्गात होतात, शहरातल्या ओळखी मंडळात. गल्लीत युवक मंडळ असतं, त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाच-सहा जण बसलेले असतात. तिथून रोज मान खाली घालून मोबाईल बघत जाऊ नका. ‘काय करूलास रे, कुठं राहतोस?’ असा प्रश्न आला तर तो चौकशीचा नसतो, दार उघडल्याचा असतो. गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाला हातांची गरज असते. वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरायला, मंडप बांधायला, आरतीला टाळ वाजवायला. विद्यार्थ्याकडून वर्गणी फारशी कुणी मागत नाही, हात मागतात. एकदा मंडपाच्या दोऱ्या आवळल्यात की पुढचं वर्षभर आजारपणात डॉक्टरकडे नेणारा, रात्री स्टेशनवरून आणणारा कुणीतरी असतोच. अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्र ओलांडून दुसऱ्या दिवशी कपिलेश्वर तलावावर संपते. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर घरी या. मंडळवाले चिडवतात, पण समजून घेतात.

शिवजयंती इथं परंपरेप्रमाणे तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि पाठोपाठ चित्ररथांची मिरवणूक. प्रत्येक गल्लीचा देखावा वेगळा, जिवंत माणसांनी उभा केलेला. कोल्हापूर-पुण्याकडच्या मुलांनाही हे पाहून आश्चर्य वाटतं. दुर्दैवानं ही मिरवणूक सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावरच येते.

रंगाचं एक लक्षात ठेवा. बेळगाव शहरात रंग धुळवडीला खेळतात, शहापूर-वडगावात रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हापासूनची ही रीत. कपड्यांचा हिशेब त्याप्रमाणे करा, कारण बेपर्वाईनं पांढरा शर्ट घालून गोवावेसच्या पलीकडे गेलात तर दोनदा रंगाल.

मंडळात रस नसेल तर गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय आहे. वर्तमानपत्रं वाचायला येणारे पेन्शनर, स्पर्धा परीक्षेची पोरं, आणि मधूनच एखादी व्याख्यानमाला. सभासदत्व घ्या, नोट्स काढायला शांत टेबल मिळतं ते वेगळंच. हिवाळ्यात रविवारी कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. गाव लहान, संमेलन मोठं. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग भाषणं, दुपारी कविसंमेलन. मराठी विभागातल्या मुलांनी तर एकही चुकवू नये. कविता वाचायची असेल तर संयोजकांना आधी कळवा, नव्या मुलांना वेळ देतात.

सकाळी पळायला, चालायला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचं मैदान. झाडी दाट आहे. कुस्तीची आवड असेल तर आनंदवाडीच्या आखाड्यातलं मैदान चुकवू नका. सुट्टीला पाऊस उघडला की येळ्ळूरचा राजहंसगड, किंवा सीमेपलीकडं महिपाळगड. काँग्रेस रोडला गेलात तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर बघा. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं ते एकमेव अधिवेशन, आणि आपण त्या रस्त्यानं रोज नुसते चहाला जातो.

तंग दिवस

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाची, मोठी मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी मराठी भाषिक काळा दिन पाळतात. १९५६ साली त्याच तारखेला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून. रस्ते बंद असतात, बंदोबस्त कडक. त्या दिवशी खोली बदलू नका, गावाहून परतीचा प्रवास ठेवू नका, ट्रंक-गादी घेऊन रिक्षा शोधत उभं राहायची वेळ आणू नका. कुठल्या बाजूला जायचं, जायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजूंची मुलं असतात, आणि तिथं टाकलेला एक संदेश परीक्षेपर्यंत पुरतो. सामोरासमोर बसून हा विषय माझ्या माडीवर अनेकदा रंगलेला मी खालून ऐकला आहे. गोकाकचा एक आणि कडोलीचा एक, चहा संपला तरी वाद संपत नाही. फोनवर लिहून भांडतात तेव्हाच बिघडतं.

डिसेंबरमध्ये हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. मोर्चे, वाहतूक वळवलेली, लॉज भरलेले. त्या दिवसांत आईवडिलांना भेटायला बोलावू नका.

सीमेवर काही पेटलं की दोन्ही राज्यांच्या एस.टी. पहिल्यांदा थांबतात. बस निपाणीपर्यंत किंवा शिनोळीपर्यंतच जाते, पुढं वडाप, म्हणजे खासगी जीप, नाहीतर मित्राची गाडी. म्हणून खिशात घरी पोहोचण्याइतके सुटे पैसे आणि खोलीत दोन दिवसांचे पोहे-रवा असू द्या. मिरजेकडे जाणारी रेल्वे अशा वेळी बहुधा चालू असते.

रॅगिंगचा त्रास झाला तर गप्प बसू नका. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो. मालकिणीलाही सांगा; आम्ही कॉलेजात ओरडायला येतो.

खोली सोडताना

महिनाभर आधी सांगा, तेही लिहून. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं परस्पर ठरवू नका, मालकाला आधी विचारा. आलात त्या दिवशी काढलेले फोटो आता उघडा आणि मालकासमोरच भिंती दाखवा. खिळे स्वतः उपटून भोकं पुट्टीनं बुजवलीत तर रंगाचे पैसे निम्म्यानं कमी होतात. चाळीस-पन्नास रुपयांची पुट्टी खडेबाजारात कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळते. मीटरचं शेवटचं रीडिंग दोघांनी मिळून बघा, आकडा लिहून घ्या. डबेवालीचा हिशेब, दुकानदाराची उधारी, वाचनालयाची पुस्तकं यांची यादी आठवडाभर आधी करा.

कॉट, टेबल, बादल्या गावी न्यायच्या भानगडीत पडू नका. बसमधून जात नाहीत आणि टेंपोचं भाडं नव्या कॉटएवढं होतं. खालच्या वर्गातल्या कुणाला तरी निम्म्या किमतीत द्या, आणि त्याला त्याच वेळी मालकाशी गाठ घालून द्या. अशा ओळखीनं आलेल्या मुलाला आम्ही डिपॉझिट थोडं कमी घेतो.